नौतप्यातला रेडिएटर

ग्वाल्हेरला मे महिन्यात उकाड्याबद्दल तक्रार करणारा माणूस सापडत नाही. सापडतात ते उकाड्यावर व्याख्यान देणारे. पुण्याचा माणूस पारा चाळिशीला टेकला की "काय हे ऊन!" म्हणतो आणि विषय संपवतो. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात विषय तिथे सुरू होतो. झळ कुठल्या बाजूने येते, लू किती वाजता सुटते, कुठल्या गल्लीत ती वळून परत येते, यावर पैजा लागतात. त्यात २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नौतपा सुरू. हे नऊ दिवस भरपूर तापले तर पुढे पाऊस भरपूर, असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळे पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की माणसं घामाने निथळत समाधानाने मान डोलावतात, आणि एखाद्या वर्षी बेचाळिसावर अडला तर काळजीत पडतात.

इथे राज्य करून गेलेल्यांनी मात्र या उन्हाशी फुकटची झुंज घेतली नाही. राजा मानसिंह तोमराने किल्ल्यावर मानमंदिर बांधलं तेव्हा खाली जमिनीच्या पोटात आणखी दोन मजले काढले आणि त्यांना वारा मिळावा म्हणून भिंतींतून वाटा ठेवल्या. शिंद्यांनी तर आणखी सोपा मार्ग पत्करला. उन्हाळा आला की अख्खा कारभार शिवपुरीला. राजवाडा थंड करत बसण्यापेक्षा राजधानीच उचलून नेणं त्यांना परवडत असावं.

माझ्या भाच्याने यातलं काहीच केलं नाही. नौतप्याच्या तोंडावर त्याने आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर न्यायचं ठरवलं.

याला ट्रॅक डे म्हणतात. ही शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली रोजची गाडी खऱ्याखुऱ्या रेसट्रॅकवर हवी तेवढी पिटाळायची. पहिला नंबर नाही, शेवटचा नाही, हार नाही, तुरा नाही. ताईला हे समजावताना त्याची चांगलीच दमछाक झाली.

"जिंकलं तर काय देतात?"

"जिंकायचं नसतंच, आई."

"मग करायचं काय?"

"फिरायचं. गोल."

"फुलबाग आहे की त्याच्यासाठी," ताई म्हणाली, आणि पोळ्या लाटायला निघून गेली.

हे गोल फिरायचं ठिकाण म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. एक फेरी सव्वापाच किलोमीटरला थोडी कमी, त्यात एक सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब. आमच्याकडून आग्र्यापर्यंत नेहमीचा हायवे, पुढे यमुना एक्सप्रेसवे. सगळं मिळून तीनशे किलोमीटर धरा. जाणती माणसं तिथे थंडीत जातात. फॉर्म्युला वनवाले २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं आले ते तिन्ही वेळा ऑक्टोबर संपता संपता. मोटोजीपीवाल्यांनी २०२३ मध्ये सप्टेंबरात मोटरसायकली आणल्या, तर उकाड्यापायी मुख्य शर्यतीच्या चोवीस फेऱ्यांतल्या तीन कापाव्या लागल्या, आणि तरीही होर्गे मार्टिनसारखा कसलेला गडी शेवटी पार गळून गेला. भाच्याला ही सगळी माहिती तोंडपाठ. त्याचं म्हणणं एवढंच, की उन्हाळ्यात ट्रॅक रिकामा मिळतो. रिकामा का मिळतो, हा पुढचा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता.

गाडी म्हणाल तर दोन मालकांच्या हाताखालून गेलेली जुनी सेदान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. कंपनीने ती ऑफिसला जायला आणि परत यायला बनवली होती, आणि ती इमानदारीने जात-येत होती.

आता थोडं इंजिनाबद्दल बोललं पाहिजे, त्याशिवाय पुढचे हाल समजायचे नाहीत. पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. हा मुरलेला भाग पाण्याने उचलायचा, रेडिएटरपर्यंत न्यायचा आणि तिथे हवेच्या स्वाधीन करायचा. महाराज बाड्यावरून कंपूपर्यंत जाताना इंजिन आपल्या ताकदीचा चतकोरही वापरत नाही, म्हणून मुरणारी उष्णताही चतकोर. ट्रॅकवर मात्र अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकलेला. शंभर घोड्यांचं इंजिन तिथे पन्नास-साठ किलोवॅट उष्णता नुसती पाण्यात सोडतं.

आणि ती घ्यायची कुणी? हवेने. हवा किती घेणार हे ठरतं दोघांच्या तापमानातल्या फरकावर. रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांवर आणि बाहेर डिसेंबरातली २० अंशांची हवा असेल तर फरक ७०. तेच पाणी ९० वर आणि बाहेर आमचा मे महिना असेल तर फरक ४५. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण कुवत एक तृतीयांशाहून जास्त घटली. डांबराच्या वीतभर वर, जिथून गाडी हवा ओढते, तिथे तर हवामान खात्याच्या आकड्याच्याही वरची हवा असते. शिवाय तापलेली हवा विरळ. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत साधारण दहावा हिस्सा माल कमी. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, वर त्याचा संगणक हवा गरम आहे हे ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. म्हणजे तापायचं जास्त आणि पळायचं कमी.

उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त पत्ता बदलते, असं भाचा फिजिक्सच्या आधाराने मला सांगत असे. त्या महिन्यात आमच्या घरात तिने किती पत्ते बदलले याची नोंद कुठल्याही पोस्टमनने ठेवली नसती.

पहिला सल्ला आला हजिरा भागातल्या मेकॅनिक उस्तादांकडून. उस्तादांनी बोनट उघडलं, टाकीचं झाकण न उघडता नुसतं वास घेतल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "भैया, थर्मोस्टेट निकाल दो, टंटा ही ख़तम." उत्तर हिंदुस्थानातल्या प्रत्येक उस्तादाचा हा पहिला सल्ला असतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी; ८२ ते ८८ अंशांच्या आसपास दार उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवतो. पहारेकरी हाकलला की पाणी मोकळं, असा हिशोब. पण बऱ्याच इंजिनांत हाच पहारेकरी पूर्ण उघडताना दुसऱ्या बाजूची आडवाट बंद करत असतो. त्याला काढलं की अर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून, न निवता, परत इंजिनात. भाच्याने हे सगळं उस्तादांना सविस्तर सांगितलं. उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो निकालूँ?"

दुसरा सल्ला माझ्या आईचा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे ती गेली सत्तर वर्षं पाळत आली आहे. गाडीला खिसा नाही, म्हणून तिने बोनटखाली ठेवायला कांदा दिला. भाच्याने आजीचं मन मोडलं नाही. पुढचे काही दिवस गाडी सुरू केली की आमच्या गल्लीत भजी तळल्याचा वास यायचा आणि शेजारी आशेने बाहेर डोकावायचे.

तिसरा सल्ला, खरं म्हणजे निवाडा, भाऊजींचा. भाऊजींचे वडील नॅरोगेजवर ड्रायव्हर होते. माधवराव शिंदे महाराजांनी घातलेली ती ६१० मिलिमीटर रुळांची छोटी रेल्वे. तिची श्योपूरची लाइनच दोनशे किलोमीटरच्या घरात. २०२० मध्ये ती थांबली तेव्हा भाऊजींनी सुतक पाळायचंच बाकी ठेवलं होतं. ते म्हणाले, "आमच्या बाबांच्या इंजिनात पाणी उकळलं नाही तर गाडी हलत नसे. तुझ्या इंजिनात उकळलं तर हलत नाही. यात प्रगती कुठली?" हा मुद्दा मला आजतागायत खोडता आलेला नाही.

त्याच माधवराव महाराजांचा आधार भाच्याने उलट बाजूने घेतला. यंत्र म्हटलं की महाराजांना राहवत नसे. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेते, बाटली उचलली की थांबते. ती त्यांचीच हौस. आता मोटारीचं ऐका. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी-शर्यत झाली. सुमारे ६२० मैल, वाटेत सहा घाट. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टने नाव काढलं, आणि ती गाडी विकत घेतली ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी. "म्हणजे मामा, मराठी घाटात शर्यत मारलेली गाडी ग्वाल्हेरला आली. आपल्याकडे ही परंपराच आहे!"

परंपरा खरी, पण त्या गाडीचं इंजिन सात लिटरचं आणि घोडे पन्नासाच्या आतबाहेर. एकेका घोड्याला दीडशे मिलिलिटरची प्रशस्त खोली. भाच्याच्या गाडीत दीड लिटरमध्ये शंभर घोडे. एकेकाला पंधरा मिलिलिटर. दहा पट दाटी. तिकडे सिल्व्हर घोस्टचं इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांत समाधानी, इकडे हे सहा हजारांवर किंचाळणार. महाराजांची गाडी जिथे हवेलीत राहत होती तिथे भाच्याची चाळीत राहत होती, आणि चाळीत उन्हाळा जास्त जाणवतो.

पण भाचा इंजिनिअर आहे आणि त्याने शास्त्रशुद्ध सुरुवात केली. आधी ताप मोजायचा. कारखान्यातून येणारी तापमानाची सुई हा एक सभ्य खोटेपणा आहे. ग्राहक घाबरू नये म्हणून ती मुद्दाम अशी बांधतात, की पंच्याहत्तरच्या पुढे ती मध्यावर येऊन बसते आणि शंभरी ओलांडेपर्यंत तिथेच बसून राहते. ती हलते तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून त्याने गाडीच्या संगणकाला एक छोटं यंत्र जोडलं, ते ब्लूटूथवरून फोनला खरा आकडा कळवणार. फोन डॅशबोर्डवर चिकटवला. शिवपुरी रोडवर चाचणी घ्यायला निघालो. इंजिन ९४ अंशांवर छान चाललं होतं. फोनने मात्र 'तापमान जास्त आहे' असा स्वतःचाच निरोप दाखवला आणि तो मिटला. गाडीआधी थर्मामीटरला लू लागली.

मग पाणी. शुद्ध पाणी उष्णता उचलण्यात पटाईत, त्याच्या तोडीचं दुसरं स्वस्त द्रव नाही. हिरवं-गुलाबी कूलंट म्हणजे त्यात मिसळलेलं इथिलिन ग्लायकॉल. ते गोठण्यापासून वाचवतं, गंज रोखतं, उकळणबिंदू थोडा वर ढकलतं, पण उष्णता उचलायची त्याची कुवत पाण्याहून कमी. शिवाय ट्रॅकवर सांडलं तर डांबरावर तुळतुळीत थर बसतो आणि मागचा माणूस हरिॐ, म्हणून कित्येक ठिकाणी ते चालत नाही. ग्वाल्हेरात मेमध्ये पाणी गोठायची धास्ती कुणाला नव्हती. तेव्हा ठरलं, की डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंज रोखणारं औषध थोडंसं.

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घरात होताच, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणून ठेवलेला. बॅटरीतलं पाणी भरायची वेळ झाली आहे असं भाऊजी आठवडाभर घोकत होते. तो कॅन रेडिएटरमध्ये गेला. त्याच रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरने दोन शिट्या मारल्या आणि हात टेकले. गच्चीवर, तापलेल्या फरशीवर पाणी शिंपडून, सगळं कुटुंब उताणं पडलेलं असताना भाऊजींनी आकाशाकडे बघत विचारलं, "गाडी थंड आहे ना पण?"

पाण्यानंतर झाकण. रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिटीसारखं असतं: आत दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे पाणी शंभराला उकळत नाही. साध्या गाडीत दाब एक-सव्वा बारचा, तेवढ्यात उकळायची हद्द १२० अंशांच्या आसपास जाते. फॉर्म्युला वनमध्ये ३.७५ बारपर्यंत मुभा आहे, म्हणून तिथे पाणी १२० अंशांवरही बिनधास्त फिरतं. पाणी जितकं जास्त तापू द्याल तितका त्याचा बाहेरच्या हवेशी फरक जास्त, आणि तितका रेडिएटर छोटा चालतो. आमच्या झाकणाचा रबर मात्र पहिल्या मालकाच्या काळापासून सेवेत होता. नवं झाकण आलं अगदी थोड्या पैशांत, आणि महिन्याभराच्या खटाटोपात खरा उपयोग बहुतेक त्याचाच झाला. पण स्वस्त उपायाचं कौतुक करायला कुणाला सवड नसते.

कारण तोवर भाच्याला हवेचं वेड लागलं होतं. हवा आळशी असते, हे त्याचं नवं ज्ञान. तिला सोपी वाट दिसली की ती रेडिएटरमधून जायचे कष्ट घेत नाही, बाजूच्या फटींतून निघून जाते. म्हणून बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत सगळ्या फटी बुजवायच्या, की आत शिरलेल्या प्रत्येक झुळकीला जाळीतूनच जावं लागेल. फोम आला, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आले, आणि एक दिवस ताईच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचा तो वळणारा चंदेरी पाइप दिसेनासा झाला. ऑइल कूलरला हवा द्यायला तो नेमका मापाचा होता. (ट्रॅकवर पाण्याइतकंच ऑइलही तापतं, ते १३० च्या पुढे गेलं की पातळ होऊन बेअरिंगांची साथ सोडायला लागतं.) त्या दिवशी फोडणीचा धूर कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, हे सांगायला नको. उष्णतेचा हा तिसरा किंवा चौथा पत्ता.

हवा आत घेणं सोपं, बाहेर घालवणं अवघड. बोनटखाली कोंडलेली हवा निघालीच नाही तर पुढून नवी शिरणार कशी? गावातले हौशी लोक बोनटची मागची कड वायसर लावून उचलतात, की गरम वाफ मागून निघून जाईल. गाडी उभी असताना ती निघतेही. पण वेगात असताना काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, आणि तिथून हवा बाहेर पडायच्या ऐवजी आतच घुसते. योग्य जागा म्हणजे बोनटच्या मधोमध, रेडिएटरच्या थोडं मागे, जिथे दाब कमी. तिथे पत्रा कापून झरोके काढायचे. भाचा मला मानमंदिराच्या तळघरात घेऊन गेला आणि भिंतीतल्या वाऱ्याच्या वाटा दाखवून म्हणाला, "बघा मामा, राजा मानसिंहाला कळत होतं." मी म्हटलं, "राजा मानसिंहाने महाल स्वतःचा होता म्हणून कापला. ही गाडी अजून बँकेची आहे." झरोके तेवढे राहिले.

शेजारच्या काकांनी या सगळ्यावर मात करणारा प्रस्ताव आणला: रेडिएटरसमोर वाळ्याची ताटी लावायची आणि वरून पाण्याची धार. कूलर आमच्याकडे गवताच्या गादीवर चालतो, तर गाडी का नाही? हसू नका, यात तथ्य आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची प्रचंड उष्णता घेऊन जातं, आणि आमची मेमधली हवा इतकी कोरडी, की वाफ व्हायला ती आसुसलेलीच असते. रेडिएटरवर पाण्याचा बारीक फवारा मारणारे लोक जगभर आहेत. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो. इथे जुलैत उमस सुरू झाली की कूलर पडतो तसाच. पण ट्रॅकवर फवाऱ्याचं पाणी ठिबकून आपल्याच पुढच्या चाकांखाली जातं, आणि वळणावर ती चाकं आपलं ऐकत नाहीत. वाळा नाकारला गेला. काका नाराज झाले. त्यांनी ताटी आमच्याच दारात ठेवली, ती मात्र आम्ही कृतज्ञतेने खिडकीला लावली.

शेवटचा घाव एसीवर पडला. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात उभा असतो. स्वतःची उष्णता ओततो, वर हवाही अडवतो. तो काढला की रेडिएटरला ताजी हवा मिळते आणि गाडीचं वजनही उतरतं. भाच्याने तो काढला. म्हणजे नौतप्यात, ग्वाल्हेर ते ग्रेटर नोएडा, एसीशिवाय. "एकट्याला पाठवू नकोस," ताई मला म्हणाली. मामाचं कर्तव्य लग्नात मुंडावळ्या बांधण्यापुरतं असतं असा माझा आजवर समज होता.

पहाटे निघूनही चंबळच्या पुलावर उन्हाने गाठलं. नदीच्या दोन्ही बाजूंचे ते मातीचे बेहड, तिथून येणारी धूळ रेडिएटरच्या जाळीत बसू नये म्हणून भाचा वेग सांभाळत होता. धूळ, किडे, कडुलिंबाचा फुलोरा, हे सगळं जाळीत जमतं. मागच्या बाजूने हलक्या धारेने धुवायचं असतं, पुढून जोरात मारलं की पाती वाकतात आणि आहे ती हवाही बंद. आग्रा सोडलं आणि एक्सप्रेसवेवर त्याला वाटलं, की एकदा पूर्ण ताकदीने चाचणी घ्यावी. फोनवर (आता त्याला ओल्या रुमालाची गादी होती) आकडा चढायला लागला. १०१. १०३. १०४.

"मामा, आता हीटर लावावा लागेल."

मी ऐकलं, पण समजलं नाही. गाडीचा हीटर म्हणजे आतल्या बाजूचा छोटा रेडिएटरच. तो पूर्ण सोडला आणि पंखा चारवर ठेवला की इंजिनाचं उकळतं पाणी त्यातून फिरतं आणि त्याची उष्णता माणसांच्या पायांवर येते. इंजिनाला तेवढाच दिलासा. बाहेर ४४ अंश, खिडक्या उघड्या, लू आत येते आहे, आणि समोरच्या जाळ्यांतून साठ-सत्तर अंशांची धार थेट पोटरीवर. आकडा खाली आला. १०२. ९९. भाच्याच्या चेहऱ्यावर असा आनंद, जणू ज्या तानसेनाच्या समाधीशेजारी तो लहानपणी चिंचेचा पाला खायचा त्याने दीपक राग आवरता घेतला असावा. तानसेनाला थंड करायला ताना-रीरी या दोन बहिणींना मल्हार गावा लागला, अशी कथा आहे. इथे त्यांच्या जागी मी होतो आणि माझ्याकडे पन्ह्याचा एक थर्मास होता.

ट्रॅकवर पोचलो तेव्हा तिथले कर्मचारी आमच्याकडे आदराने बघत होते. आम्ही घामात भिजलो होतो, गाडी कोरडी होती. भाच्याची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळचीच होती, हा त्याचा एकमेव सुज्ञ निर्णय. बाकी सगळं नियमानुसार: दोन-तीन फेऱ्या जोरात, मग एक फेरी सावकाश, की पाणी आणि ऑइल निवायला वेळ मिळावा. पिटमध्ये आल्यावर इंजिन एकदम बंद करायचं नाही; पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली उष्णता तशीच पाण्यात चढत राहते. बोनट उघडायचं, हेडलाइट बघत उभं राहायचं आणि गंभीर दिसायचं. बड्या शर्यतींत तिथे पंखे आणि कोरडा बर्फ घेऊन माणसं धावतात, कारण फॉर्म्युला वनच्या गाडीला स्वतःचा पंखा नसतो आणि उभी राहिली की ती भाजायला लागते. आमच्याकडे मी होतो, हातात वर्तमानपत्र. त्याने वारा घालत राहिलो. शेजारच्या पिटमधल्या एका देखण्या परदेशी गाडीचा ड्रायव्हर ते बघून आपल्या मेकॅनिकला काहीतरी म्हणाला आणि थोड्या वेळाने त्याच्याही हातात वर्तमानपत्र दिसलं.

गाडी तापली नाही. हे मी मनापासून सांगतो. त्या लांब सरळ पट्ट्यावर तिने आपली जुनी हाडं मोडेस्तोवर पळून दाखवलं, आणि आकडा शंभराच्या वर गेला नाही. झाकण धरून होतं, फोम जागेवर होता, ताईच्या चिमणीचा पाइप शानदार काम करत होता. चौथ्या की पाचव्या जोराच्या फेरीनंतर भाचा पिटमध्ये शिरला तो जरा जास्तच पुढे येऊन थांबला. म्हणजे थांबला असं नाही. टायरच्या थप्पीला हलकेच टेकला.

"काय रे?"

"ब्रेक," तो म्हणाला. पॅडल नुसतं खाली जात होतं.

ताशी दीडशेवरून साठवर येताना गाडीची सगळी धाव चकत्यांमध्ये उष्णता होऊन उतरते. चकत्या लाल, पॅड तापलेले, आणि त्यांच्यामागे नळीतलं ब्रेकचं ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं असताना २३० अंशांपर्यंत दम धरणारं, जुनं झालं की दीडशेच्या थोडं वर उकळायला लागतं. उकळलं की बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, दाब पोचवत नाही. गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं, हे पहिल्या मालकाला विचारायला हवं होतं.

भाच्याने बोनट बंद केलं आणि गुडघे टेकून पुढच्या चाकांखाली बघायला लागला. फोनचा टॉर्च लावला, फोन पुन्हा तापून मिटला. मग त्याने मलाच विचारलं, "मामा, ब्रेकला हवा द्यायची तर दोन पाइप लागतील. डावीकडे एक, उजवीकडे एक. तसेच, वळणारे."

मी ताईला फोन लावला. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. आमच्याकडे उरलेला एकच पाइप वॉशिंग मशीनचा होता, आणि तिने तो आमची गाडी ग्वाल्हेरात शिरायच्या आत काढून कपाटात कुलूपबंद केला.